कांदा काय भाव?

मावशीचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तब्येत, हवापाणी, पोरगी काय म्हणते, हे सगळं नंतर. "काय रे, तिकडे कांदा काय भाव?" मी डॉलरमध्ये सांगतो, ती मनातल्या मनात रुपयांनी गुणते आणि मग कऱ्हाडहून एक मोठा सुस्कारा ऐकू येतो. मावशे, पगार पण गुण की, असं मी तिला कितीदा सांगून पाहिलं. तिचं उत्तर तयार असतं, "पगार महिन्यातून एकदा गुणायचा, कांदा रोज!"

मागच्या महिन्यात मात्र तिने दुसराच प्रश्न टाकला. तिच्या शेजाऱ्यांचा मुलगा इकडेच कुठेतरी असतो. तो म्हणे सगळं सामान 'ऑरगॅनिक'च्या दुकानातून आणतो, बाळाला साधं दूध देतच नाही. "तुम्ही पोरीला कुठलं देता रे?"

प्रश्न साधाच, पण माझ्या दुखऱ्या जागी बसला. पोरगी झाली तेव्हा मी ऑस्टिनमध्ये पीएचडी करत होतो. विद्यार्थ्याच्या बायकोला इथे नोकरी करायची परवानगी नसते, त्यामुळे घरात एक स्टायपेंड आणि तीन तोंडं. त्या काळात आम्ही दोघं दुधाच्या फडताळासमोर उभे राहायचो. एका हाताला साधं गॅलनचं कॅन, दुसऱ्या हाताला हिरव्या कुरणाचं चित्र असलेलं, जवळजवळ दुप्पट किमतीचं. आम्ही साधं उचलायचो आणि घरी येईपर्यंत गाडीत कोणी काही बोलायचं नाही. आपण पोरीच्या तोंडचं काढून पैसे वाचवतोय की काय, ही टोचणी बरीच वर्षं राहिली. म्हणून आता जरा हिशेब मांडतो. (इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार?)

आता गंमत अशी, की या महागड्या दुकानांतलं सगळ्यात प्रसिद्ध दुकान आमच्याच गावचं. होल फूड्स. त्याची आणि माझी ओळख खरेदीतून नाही, पुरामुळे झाली. माझा विषय शहरी भागातलं पावसाचं पाणी, आणि ऑस्टिनमध्ये त्यावर काम करणाऱ्याला १९८१ सालचा मेमोरियल डेचा पूर टाळता येत नाही. मे महिन्याच्या त्या एका रात्रीत शोल क्रीक नावाचा एरवी ओढा म्हणावा एवढा प्रवाह असा फुगला की शहरात १३ माणसं गेली. त्याच ओढ्याजवळ लमार रस्त्यावर आठ महिन्यांपूर्वी, म्हणजे सप्टेंबर १९८० मध्ये, एक दुकान उघडलं होतं. जॉन मॅकी आणि रेनी लॉसन या जोडप्याने त्याआधी १९७८ साली 'सेफरवे' नावाचं छोटं दुकान काढलं होतं. नाव म्हणजे 'सेफवे' या बड्या साखळीची टिंगल. राहत्या घरात माल साठवतात म्हणून घरमालकाने बाहेर काढल्यावर दोघं दुकानातच राहू लागले, आणि आंघोळीची सोय नसल्याने भांडी धुण्याच्या यंत्राच्या फवाऱ्याखाली आंघोळ करत. पुढे दुसऱ्या एका दुकानाशी हातमिळवणी करून होल फूड्स झालं. पुरात त्याचा माल, यंत्रं सगळं बुडालं. सुमारे ४ लाख डॉलरचं नुकसान आणि विमा नाही! तेव्हा गिऱ्हाइकं आणि शेजारीपाजारी बादल्या, झाडू घेऊन आले, चिखल उपसला, आणि २८ दिवसांत दुकान पुन्हा सुरू झालं. ज्या दुकानाला पुढे लोक 'होल पेचेक' (म्हणजे अख्खा पगार!) म्हणू लागले, ते एकेकाळी गिऱ्हाइकांनी असं वाचवलं होतं. माझ्या प्रबंधात याला जागा नव्हती, इथे आहे.

पण हे दुकान निघालंच का? त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

शंभरेक वर्षांपूर्वीचं अमेरिकन किराणा दुकान आपल्या वाण्यासारखंच होतं. गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे, माल पलीकडे. यादी द्यायची, नोकर पुड्या बांधणार, वहीत उधारी. हे मोडलं क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसाने. ६ सप्टेंबर १९१६ रोजी मेम्फिसमध्ये त्याने 'पिगली विगली' उघडलं. (नावाचा अर्थ विचारू नका.) आत शिरायचं, फिरायचं, प्रत्येक वस्तूवर भाव लिहिलेला, आपल्या हाताने उचलायचं आणि दारात पैसे द्यायचे. नोकर कमी, भाव कमी. मग मायकेल कलन. क्रोगर या साखळीत नोकरीला असताना त्याने वरिष्ठांना पत्र लिहिलं, की प्रचंड मोठं दुकान काढू, शहराच्या कडेला, भाडं कमी, मालाचे ढीग, नफा थोडा. पत्राला उत्तर आलं नाही. पठ्ठ्याने राजीनामा दिला आणि ऑगस्ट १९३० मध्ये, ऐन मंदीत, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका रिकाम्या गॅरेजमध्ये 'किंग कलन' सुरू केलं. लोकांची झुंबड उडाली. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमनने चाकाची ढकलगाडी आणली. ती सुरुवातीला कोणी हातात धरेना, तेव्हा त्याने पैसे देऊन माणसं आणली आणि दुकानात गाड्या ढकलत फिरवली! १९७४ मध्ये ओहायोच्या ट्रॉय गावात च्युइंग गमच्या पुड्यावर पहिल्यांदा बारकोड वाचला गेला.

या सगळ्या खटाटोपाची दिशा एकच: स्वस्त, आणखी स्वस्त. परिणामही झाला. १९६० साली अमेरिकन माणसाच्या हातात पडणाऱ्या उत्पन्नातले सुमारे १७ टक्के अन्नावर जायचे, नव्या शतकाच्या सुरुवातीला ते साधारण १० टक्क्यांवर आले. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ सालीच सांगून ठेवलंय, की माणसाची मिळकत वाढते तसा त्यातला अन्नावरचा वाटा कमी होतो. आता दुकानदाराच्या बाजूने बघा. गिऱ्हाइकाचा पगार दुप्पट झाला म्हणून पोट काही दुप्पट होत नाही. मग धंदा वाढणार कसा? घास तोच, त्याची किंमत वाढली पाहिजे. पण नुसती किंमत वाढवून कोण देणार? तिला कारण हवं. निरोगी, नैसर्गिक, गावाकडचं, हाताने केलेलं... महागडं दुकान तिथे जन्माला येतं. मॅकीसारख्यांची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणत नाही, पण श्रद्धेला बाजार मिळाला तो या आकड्यांमुळे. आमच्या टेक्सासचीच एच-ई-बी ही साखळी १९०५ मध्ये फ्लोरेन्स बट नावाच्या बाईंनी कर्व्हिल गावात ६० डॉलरच्या भांडवलावर सुरू केली. तिनेसुद्धा १९९४ मध्ये ऑस्टिनमध्ये 'सेंट्रल मार्केट' नावाचं उंची दुकान काढलं. मालक तोच, दारं दोन!

जो कूलोम्ब याने मात्र वेगळं गणित मांडलं. १९६७ साली त्याने पॅसडीनात 'ट्रेडर जोज'चं पहिलं दुकान काढलं, ते कोणासाठी? तर जास्त शिकलेल्या आणि कमी पगाराच्या लोकांसाठी. मास्तर, वादक, पत्रकार. म्हणजे पीएचडीवाला मी! अशा माणसाला चीज आणि वाईन कळते, खिशात पैसे मात्र नसतात. उपाय काय, तर थोड्याच वस्तू ठेवायच्या, त्याही बहुतेक आपल्याच छापाच्या, आणि पुरवठादाराकडून घाऊक खरेदी. गंमत म्हणजे १९७९ पासून हे दुकान जर्मनीतल्या थिओ आल्ब्रेख्तच्या घराण्याकडे आहे, म्हणजे 'आल्डी' या जगप्रसिद्ध स्वस्त दुकानाच्या दोन भावांपैकी एकाकडे. उंची दुकान आणि स्वस्त दुकान यांच्यातली भिंत वाटते तेवढी जाड नाही.

ही भिंत नक्की आहे का, यावर इथे चक्क कोर्टात खटला झाला. २००७ मध्ये होल फूड्सने 'वाइल्ड ओट्स' ही प्रतिस्पर्धी साखळी सुमारे ५६.५ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. सरकारच्या व्यापार आयोगाने हरकत घेतली. म्हणणं असं, की उंची नैसर्गिक-ऑरगॅनिक दुकानं हा वेगळाच बाजार आहे आणि तिथले दोन मोठे एक झाले तर भाव वाढतील. मॅकीने संचालकांना लिहिलेलं पत्रही त्यांना सापडलं होतं, की ही खरेदी केली तर भावयुद्ध टळेल. कंपनी म्हणाली, छे, आमचं गिऱ्हाईक अर्धं सामान साध्या दुकानातूनच आणतं, आमची स्पर्धा सगळ्यांशी आहे. खालच्या कोर्टाने २००७ मध्ये कंपनीचं मानलं, वरच्या कोर्टाने २००८ मध्ये उलटवलं. म्हणाले, इतर कितीही लोक इकडेतिकडे फिरोत, या दुकानांना बांधलेलं असं एक हक्काचं गिऱ्हाईक असतं. (तेव्हा वेगळं मत देणारे न्यायाधीश होते ब्रेट कॅव्हनॉ, जे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले.) २००९ मध्ये तडजोड होऊन ३२ दुकानं विकायला काढावी लागली. मला या खटल्यातलं कंपनीचंच म्हणणं फार आवडतं. महागड्या दुकानाने स्वतः कोर्टात सांगितलं, की शहाणं गिऱ्हाईक सगळं आमच्याकडून घेत नाही!

आणि महाग म्हणजे चोख, असंही नाही. २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने होल फूड्समधली आधीच वजन करून ठेवलेली ८० प्रकारची पाकिटं पुन्हा काट्यावर घातली. एकाही प्रकाराचं वजन सगळ्या पाकिटांवर बरोबर निघालं नाही. नारळातल्या कोळंबीच्या एका पाकिटात गिऱ्हाइकाला १४ डॉलर ८४ सेंट जादा पडत होते. आपल्याकडे याला मापात पाप म्हणतात. वर्षअखेर कंपनीने ५ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉनने १३.७ अब्ज डॉलरला कंपनीच घेतली आणि ताबा घेतला त्याच दिवशी केळी, अवाकाडो वगैरेंचे भाव उतरवले. म्हणजे आदल्या दिवशी ते तेवढे असायची गरज नव्हती, असंच ना?

बरं, आमचा हिशेब. नोकरी लागल्यावर मी आणि बायकोने चार आठवडे एकच यादी दोन ठिकाणी लावून बघितली, एक साधं दुकान, एक महागडं (नावं नको). एकूण बिल महागड्या दुकानात जवळजवळ दीडपट झालं. पण गंमत ती एकूण बेरजेत नाही. दुकानाच्या स्वतःच्या छापाचं ओट, टोमॅटोचे डबे, गोठवलेले मटार, यांत फरक किरकोळ. सुटं जिरं-मिरं तर चिमूटभर घेता येतं, तिथे महागडं दुकान बाटलीपेक्षा स्वस्त पडलं. सगळा खड्डा तीन ठिकाणी: चिरून ठेवलेली फळं-भाज्या, तयार जेवण आणि मासे. त्यात माशांचे पैसे आम्हाला पटले, कारण साध्या दुकानातला मासा आणून दोनदा फेकावा लागला होता. चिरलेल्या कलिंगडाचे मुळीच पटले नाहीत. घरात सुरी आहे. कोथिंबीर महागड्या दुकानात प्लास्टिकच्या डबीत, दागिन्यासारखी. टेक्सासमध्ये मेक्सिकन लोकांच्या कृपेने साध्या दुकानात मोठी जुडी मिळते, ती सोडून डबी कोण घेणार? डाळी, पोहे, कणीक यांचा प्रश्नच नाही, त्या देशी दुकानातून. १९७४ मध्ये शिकागोत पटेल बंधूंनी दुकान काढलं, आता अशी दुकानं गावोगाव झाली आहेत.

एक सल्ला देतो. फडताळावर मोठ्या भावाखाली बारीक अक्षरात दर औंसाचा भाव असतो, तो वाचायचा. मात्र सावध, शेजारच्याच वस्तूवर तो दर नगाचा लिहिलेला असतो आणि तुलना करता येत नाही. हे चुकून होतं की मुद्दाम, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

राहिलं दूध. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तोवरचे शेकडो अभ्यास एकत्र तपासले. ऑरगॅनिक अन्न जास्त पौष्टिक असतं याला भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. फवारणीचे अंश मात्र त्यात कमी वेळा सापडले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही जवळपास तेच सांगितलं, आणि वर म्हटलं, की मुलांना फळं-भाज्या भरपूर द्या, कुठल्याही असोत. दूध-दुधात मुलांच्या तब्येतीला फरक पडेल असं काही त्यांनाही दिसलं नव्हतं. पोरगी झाली तेव्हा हे अहवाल छापून पडलेले होते. शोधनिबंध वाचणं हा माझा धंदा, तरी तेव्हा ते उघडून बघायचं सुचलं नाही. हिरव्या कुरणाचं चित्र बघून मान खाली घालत राहिलो.

मावशीला हे सगळं सांगितलं. कोर्ट, स्टॅनफर्ड वगैरे तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग मी तिला सांगितलं, की त्याच दुकानात शेवग्याच्या पाल्याची पूड मिळते, बरणीत, औषधासारखी, आणि भाव सांगितला. तिने गुणाकार केला. तिच्या परसात शेवग्याचं झाड आहे, त्याचा पाला ती शेजारच्या शेळीला घालते. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाली, "आणि दूध साधंच देतोस ना पोरीला? दे."

शनिवारी सकाळी आमची फेरी अजून तीन दुकानांची असते. दूध साध्या दुकानातलं, मासे महागड्यातले, बाकी देशी.