चार पुतळा आणि त्यामागचे सोलापूर

सोलापुरात ‘चार पुतळा’ या नावाने ओळखला जाणारा चौक आणि पुण्याहून या नगरीस येणारी ‘हुतात्मा’ नावाची आगगाडी ही दोन नावे लोकांच्या तोंडी इतकी रुळली आहेत की, ‘हुतात्मा आज किती उशिरा?’ असे विचारणाऱ्या उतारूला त्या शब्दामागचा फास सहसा आठवत नाही.

4 मे 1930 च्या मध्यरात्री दांडीजवळच्या कराडी येथे महात्मा गांधींना अटक झाली, सोलापुरातील गिरण्या ओस पडल्या, आणि 8 मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या परिसरात शिंदीची झाडे तोडणाऱ्यांना धरल्यावरून जमाव व पोलीस यांची जुंपून कलेक्टर नाईट यांच्या अमदानीत गोळीबार झाला, तेव्हा शंकर शिवदारे धारातीर्थी पडला. मग मात्र क्षोभ आवरेना. चौक्या जळाल्या, न्यायकचेरीस आग लागली आणि मंगळवार पेठेत दोन शिपाई मारले गेले. सरकारी अंमल जणू शहराबाहेर गेला, आणि रहदारीचा बंदोबस्तही स्वयंसेवक पाहू लागले. या दिवसांना पुढे कित्येकांनी ‘सोलापूर कम्यून’ म्हटले. परंतु 1871 च्या पॅरिसप्रमाणे येथे ना निवडणूक झाली, ना 72 दिवसांचे शासन उभे राहिले, म्हणून ही उपमा मला भरजरी पण उसनी वाटते. गिरणी कामगारांच्या या शहराने काही दिवस सरकारावाचून काढले, एवढे वास्तवच पुरेसे आहे.

12 मे रोजी लष्करी कायदा जारी झाला, तो 30 जूनपर्यंत टिकला. त्या काळात डोक्यावरची गांधी टोपीही हुकूमशाहीस सलू लागली आणि शिपाई ती भररस्त्यात उतरवू लागले.

शिपायांच्या खुनाबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशीची शिक्षा झाली. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान अशा या चौघांना सरकारने केवळ जरब बसविण्यासाठी वेचले, अशी शहराची धारणा आहे आणि मलाही ती खरी वाटते. 12 जानेवारी 1931 रोजी त्यांना येरवड्यास फाशी देण्यात आली. चौकातले चार पुतळे आणि गाडीचे ‘हुतात्मा’ हे नाव याच चौघांच्या स्मरणार्थ. ज्यांच्या अटकेने हे सारे पेटले ते महात्माजी त्या वेळी त्याच येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांची सुटका 26 जानेवारीस झाली.