पेग : औषधाला लपवणारं पॉलिमर

‘मी पेगवर काम करते’ असं लग्नकार्यात सांगितलं की निदान एक काका तरी मिश्कील हसतातच. तर आधी खुलासा. हा पेग म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल. दोन कार्बन, एक ऑक्सिजन, पुन्हा दोन कार्बन, एक ऑक्सिजन, अशी लांबच लांब साखळी. मलमात असतो, बद्धकोष्ठाच्या पावडरीत असतो, कोलोनोस्कोपीच्या आधी जे लिटरच्या लिटर पाणी प्यायला लावतात त्यातही असतो. इतका साधा पदार्थ कॅन्सरच्या औषधापर्यंत कसा पोचला, ते आज सांगायचंय.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात फ्रँक डेव्हिस या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला एक प्रश्न छळत होता. प्राण्यांपासून मिळणारी कितीतरी एन्झाइम्स औषध म्हणून वापरता येतील, पण शरीर त्यांना परकं समजतं. अँटिबॉडीज तयार होतात आणि पुढचा डोस वाया जातो, कधी जिवावरही बेततो. डेव्हिसचा विचार असा, की प्रथिनाला पाणी धरून ठेवणारं काहीतरी चिकटवलं तर? पेगमधल्या ऑक्सिजनभोवती पाण्याचे रेणू जमतात. म्हणजे प्रथिनाभोवती पाण्याची गादीच तयार होते. अँटिबॉडीसारखा अवाढव्य रेणू त्यातून आत शिरू शकत नाही, पण हायड्रोजन पेरॉक्साइडसारखा चिमुकला रेणू आरामात जातो. त्यामुळे एन्झाइम झाकलं जातं आणि कामही करत राहतं.

इथे एक व्यावहारिक अडचण होती. साध्या पेगची दोन्ही टोकं सारखीच, त्यामुळे एकच साखळी दोन प्रथिनांना एकमेकांत अडकवून सगळ्याचा गठ्ठा करू शकते. म्हणून एका टोकाला मिथाइलची टोपी घातलेला पेग घेतला आणि फक्त दुसरं टोक प्रथिनाशी जोडण्यायोग्य केलं. ‘फंक्शनल पॉलिमर’ म्हणतात ते मुळात हेच, साखळीच्या नेमक्या जागी नेमकं काम करणारा रासायनिक गट बसवणं. १९७७ मध्ये याचे दोन शोधनिबंध आले. दोन्हींत पहिलं नाव डेव्हिसचं नाही, त्याचा विद्यार्थी एब्रहॅम अबुकॉव्स्कीचं आहे. (आम्हा पीएचडीवाल्यांना अशा गोष्टी लगेच दिसतात!)

औषध बाजारात यायला १९९० उजाडलं. एडीए हे एन्झाइम जन्मतःच नसलेल्या मुलांची प्रतिकारशक्ती उभीच राहत नाही; साधा संसर्गही त्यांना पुरतो. त्यांच्यासाठी गाईचं एडीए पेगमध्ये गुंडाळून दिलं गेलं, नाव अ‍ॅडाजेन. त्याच वर्षी जीन थेरपीचा गाजलेला पहिला प्रयोग चार वर्षांच्या ज्या मुलीवर झाला, तिला हे औषध सुरूच होतं. त्यामुळे सुधारणेचं श्रेय नेमकं कुणाला द्यायचं, हा वाद बरीच वर्षं चालला.

नॅनो आकाराची गोष्ट इथून पुढे. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरवरचं जुनं, प्रभावी औषध, पण हृदयाला घातक. जेरुसलेममधल्या येहेझ्केल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गॅबिझॉन यांनी ते चरबीच्या सूक्ष्म फुग्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये भरलं. साध्या फुग्यांवर रक्तातली प्रथिनं चिकटतात आणि यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. पृष्ठभागावर पेग लावलेले, शंभर नॅनोमीटरच्या आतबाहेरचे फुगे मात्र रक्तात दिवसेंदिवस फिरत राहिले. १९९५ मध्ये डॉक्सिलला अमेरिकेत मान्यता मिळाली. हृदयाचा धोका घटला, पण इतका वेळ रक्तात राहणारं औषध तळहात-तळपायांच्या त्वचेत झिरपू लागलं आणि रुग्णांच्या हातापायांची आग होऊ लागली. एक दुखणं हटवलं तर दुसरं हजर.

२०११ मध्ये डॉक्सिल बनवणारा कारखाना अडचणीत आला आणि अमेरिकेत त्याचा तुटवडा पडला. उपचार अर्धवट राहिलेल्या रुग्णांसाठी २०१२ मध्ये एफडीएने तात्पुरती आयात मान्य केली, ती मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माच्या लिपोडॉक्सची. पुढच्या वर्षी त्यांच्या जेनेरिक आवृत्तीलाही मान्यता मिळाली. नॅनो औषधाची नक्कल करणं साध्या गोळीसारखं नसतं. रेणू तोच असून भागत नाही. फुग्याचा आकार, पेगचं प्रमाण, आत औषध किती घट्ट बसलंय, सगळंच जुळावं लागतं.

आता माझ्या कामाचा मुद्दा. पेग शरीराला दिसतच नाही, हे आपल्या क्षेत्रात फार काळ गृहीत धरलं गेलं. खरं तर १९८३ मध्येच रिक्टर आणि ऑकरब्लोम यांनी प्राण्यांमध्ये पेगविरोधी अँटिबॉडीज दाखवल्या होत्या. पुढे उंदरांमध्ये दिसलं, की पेग लावलेल्या लायपोसोमचा दुसरा डोस पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर रक्तातून नाहीसा होतो. संधिवाताच्या एका प्रकारावरचं, गाउटवरचं पेग्लोटिकेज बऱ्याच रुग्णांत याच कारणाने निष्प्रभ ठरतं. आणि डिसेंबर २०२० मध्ये कोविडच्या एमआरएनए लशी आल्या, तेव्हा मोजक्या लोकांना तीव्र अ‍ॅलर्जी झाल्यावर पहिला संशय पेगवरच गेला, कारण त्या लशींच्या नॅनोकणांवरही पेग असतो. ज्याला आपण पांघरूण समजत होतो, त्याचीच ओळख शरीर लक्षात ठेवतंय.

शिवाय ट्यूमरपर्यंत पोचण्याचा प्रश्न आहेच. २०१६ मध्ये टोरांटोतल्या वॉरन चॅनच्या गटाने प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा हिशेब मांडला. दिलेल्या नॅनोकणांपैकी ट्यूमरमध्ये पोचलेल्यांचा मध्यक होता ०.७ टक्के! काहींनी या हिशेबाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, आणि ते अगदीच बिनबुडाचे नाहीत.

पर्यायांच्या यादीत सध्या पॉलीसार्कोसिन, पॉलीऑक्सझोलिन आणि एकाच साखळीत धन-ऋण दोन्ही भार असलेली पॉलिमर्स आहेत. मी शेवटच्या गटावर काम करते. पाणी ती पेगपेक्षाही घट्ट धरतात. मात्र प्रत्येक नव्या पॉलिमरला पहिला डोस देऊन आम्ही थांबत नाही. आठवड्याने दुसरा देतो आणि मग रक्त तपासतो.