मिलोची भाकरी आणि अमेरिकेचे उपकार

परवा पुतण्याने अमेरिकेतून एक फोटो पाठवला. तो नोकरीसाठी कॅन्ससला असतो. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून काढलेला फोटो. नजर जाईल तिथवर कमरेएवढी बुटकी ज्वारी आणि तिला तांबडीलाल कणसं. खाली लिहिलेलं, "तात्या, ही कसली ज्वारी? इथं माणसं खात नाहीत, जनावरांना घालतात."

मी तो फोटो आईला दाखवला. आई आता नव्वदीला टेकलीय. तिने मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. म्हणाली, "आरं, ह्यो तर मिलो." मग अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर चोळत म्हणाली, "इरी नव्हती मेल्याला आजिबात."

बहात्तरच्या दुष्काळाला पन्नास वर्षं उलटून गेली. आईला काल काय खाल्लं ते सांगता येत नाही, पण ते पीठ तिच्या बोटांना अजून आठवतं.

तरुण मित्रांसाठी सांगतो. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. बाजरीचं पीठ ताजं असेल तर विरी असते, भाकरी न तुटता थापली जाते. पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच हातात फाटते. मिलोला ती मुळातच कमी. तांबडं, खरबरीत पीठ. कितीही मळलं तरी काठवटीत वाळूसारखं सुटं व्हायचं.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, गर्भगिरीच्या डोंगराकडेला. खरिपाला बाजरी, रब्बीला शाळू, एवढंच आमचं धान्य. १९७० पासून पाऊस मागं मागं सरत होता आणि ७२ ला त्याने तोंडच दाखवलं नाही. कणगी झाडून झाली. जनावरं काही विकली, काही छावणीला गेली. मग रेशनच्या दुकानात पोती आली आणि गावात नवा शब्द आला, मिलो.

पहिल्या दिवशीची भाकरी मला आठवते. भाकरी कसली, तुकडेच होते. आजोबांनी एक तुकडा तोंडात टाकला, चघळला, पाण्याच्या घोटाबरोबर ढकलला आणि काही न बोलता उठले. आई चुलीपुढं तशीच बसून राहिली. दोन-चार दिवस गल्लीतल्या प्रत्येक घरात हेच चाललं असणार, कारण मग बायांची आपापसात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणाली, आधण ठेव, उकळतं पाणी पिठात ओत, झाकून ठेव आणि कोमट झाल्यावर मळ. कुणी म्हणाली, मूठभर बाजरीचं पीठ असलं तर त्यात मिसळ. कुणी सांगितलं, भाकरी लहान थाप, मोठीच्या नादाला लागू नको. कुणी पीठ करायचंच सोडून जात्यावर भरड काढली आणि कण्या शिजवल्या. ताक कुठलं आणणार? मीठ-मिरचीचं पाणी घालून आम्ही त्या कण्या ओरपायचो. खरं सांगतो, मिलोच्या भाकरीपेक्षा कण्या बऱ्या लागायच्या. महिनाभरात गावातल्या बाया मिलोच्या भाकरी थापायला शिकल्या. हे कुणी शिकवायला आलं नव्हतं. ही कृती कुठल्या पुस्तकात छापलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि हे सगळं दिवसभर खडी फोडून आल्यावर. सकाळी दुष्काळी कामावर हजेरी लावायची, रस्त्याची खडी फोडायची, नाहीतर पाझर तलावाच्या भरावावर माती टाकायची. कामावर सुकडी मिळायची, त्यातली निम्मी पदराला बांधून आमच्यासाठी आणायची. घरी आल्यावर चूल.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या पारावर दर दोन-तीन महिन्यांनी एक वाद रंगतो. एक गट म्हणतो, "अमेरिका होती म्हणून आपण जगलो." दुसरा गट म्हणतो, "अमेरिकेनं डुकराचं खाणं आपल्याला भीक म्हणून घातलं." दोन्ही गटांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते की मिलो फुकट आला होता. मीही वर्षानुवर्षं तेच धरून चाललो होतो. नंतर जमेल तसं वाचत गेलो, तेव्हा कळलं की आपल्या आठवणीत दोन वेगवेगळे मिलो एकत्र शिजलेत.

पहिला मिलो १९६६-६७ चा. अमेरिकेने १९५४ साली पीएल-४८० नावाचा कायदा केला. त्यांच्याकडे धान्य उतू चाललं होतं, ते दुसऱ्या देशांना सवलतीत द्यायचं. भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. पुढे १९६० मध्ये आपलेच स. का. पाटील केंद्रात अन्नमंत्री असताना मोठा करार झाला, चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. हे धान्यसुद्धा फुकट नव्हतं. आपण त्याचे पैसे रुपयांत मोजत होतो आणि ते रुपये अमेरिकेच्या नावावर इथंच साठत होते. डॉलर द्यावे लागत नव्हते, ही सवलत. गरीब देशाला ती मोठी होती, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण १९६५ आणि ६६ असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले आणि सवलतीची दोरी गळ्याला काचू लागली. शास्त्रीजींनी लोकांना सोमवारी एक वेळ उपवास करायला सांगितलं ते याच काळात. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन धान्याची परवानगी महिन्या-महिन्याने सोडत. भारताने शेतीचं धोरण बदलावं हा त्यांचा आग्रह होता आणि व्हिएतनामवरून आपण टीका करतो याचा रागही होता. १९६६ साली देशात सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आलं. बोटीतून उतरलेलं धान्य थेट ताटात, अशी गत. त्या जहाजांमध्ये गव्हाबरोबर मिलोही होता. त्याच वर्षी सी. सुब्रमण्यम यांनी मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणवलं आणि हरितक्रांतीचा रस्ता धरला. भुकेइतकंच त्या दोरीनेही आपल्याला तिकडे ढकललं.

दुसरा मिलो आमचा, बहात्तर-त्र्याहत्तरचा. तोवर बांगलादेशचं युद्ध होऊन गेलं होतं. निक्सनने सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे धाडलं होतं, मदत थांबवली होती. पीएल-४८० चं सवलतीचं धान्य बंद झालेलं. म्हणून त्या दुष्काळात सरकारने परदेशी बाजारात जाऊन रोख डॉलर मोजून धान्य घेतलं, त्यात अमेरिकेचा मिलो होता. वेळही अशी वाईट की, त्याच उन्हाळ्यात रशियाने अमेरिकेचा गहू प्रचंड प्रमाणात उचलला होता आणि जगभर भाव भडकले होते. म्हणजे आमच्या काठवटीतलं ते विरी नसलेलं पीठ भीक नव्हतं. ते आपण महागात विकत घेतलेलं होतं.

गंमत बघा. अमेरिकेतून खरोखर दान म्हणून धान्य आलं होतं, ते १९०० साली. तेव्हाच्या मोठ्या दुष्काळात तिथल्या लोकांनी वर्गणी काढली आणि 'क्विटो' नावाचं जहाज मक्याने भरून न्यूयॉर्कहून मुंबईला पाठवलं. वाटपाचं काम मुख्यतः मिशनऱ्यांनी केलं. आपल्या नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं. तिथल्या रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळातल्या कामाबद्दल कैसर-ए-हिंद पदकही मिळालं. ते दान आज पारावरच्या कुणाला माहीत नाही. जे दान होतं ते विसरलो आणि जे विकत घेतलं ते उपकार म्हणून, नाहीतर अपमान म्हणून, जपून ठेवलं.

पीएल-४८० चा हिशेब कसा मिटला तेही सांगतो. १८ फेब्रुवारी १९७४ ला अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. साठलेल्या रुपयांपैकी मोठा भाग त्यांनी असा सोडून दिला. जगातला तोवरचा सगळ्यात मोठा धनादेश म्हणून त्याची नोंद झाली. धान्य, पैसा, धनादेश, सगळ्याची नोंद आहे. उकळतं पाणी ओतून मिलो मळणारीची नोंद कुठंच नाही.

बहात्तरने आपल्याला धान्याच्या पोत्यापेक्षा मोठी एक गोष्ट दिली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती, त्यात बाया मोठ्या संख्येने. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम, ही कल्पना पागेंनी आधीच मांडली होती आणि तासगाव तालुक्यात ती करूनही पाहिली होती. दुष्काळी कामं आणि रोजगार हमी या कागदावर दोन वेगळ्या गोष्टी. पण दुष्काळाने दाखवून दिलं की काम दिलं तर माणूस स्वतःच्या पैशाने धान्य घेतो आणि जगतो. १९७७ ला विधिमंडळाने कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कुठून? शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून. पुढे २००५ ला केंद्राने देशभरासाठी कायदा केला, त्याचं मूळ इथं आहे.

आई अडाणी. पण ती हजेरीपटावर अंगठा देऊन आठवड्याला पगार घ्यायची, तेव्हा तिला कुणाचे हात जोडावे लागत नव्हते. मिलोची आठवण निघाली की ती नाक मुरडते. खडीची आठवण निघाली की हाताचे घट्टे दाखवते आणि म्हणते, "कामाचं खाल्लं, फुकाचं नाय." आमच्या पारावरच्या वादाचा निकाल तिने एका वाक्यात लावला, आणि तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

आज काय दिसतं? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्य हा हक्क झाला. करोनात मोफत धान्य सुरू झालं, ते पुढे चालू राहिलं. चांगलंच झालं. भुकेल्याच्या ताटावरून टोमणे मारणाऱ्यांतला मी नाही. पण कायद्याने जे हक्काचं आहे, ते पिशवीत भरून वर फोटो छापून द्यायची हौस कुठल्याच पक्षाला चुकलेली नाही. आणि पिशवी घेताना आपणही "साहेबांनी दिलं" म्हणतो. आपल्याच करातून आलेलं धान्य. पन्नास वर्षांनी आपली नातवंडंही पारावर बसून भांडतील की अमक्याने जगवलं की तमक्याने भीक घातली. त्यांनाही कळणार नाही की ते हक्काचं होतं. दसरा झाला की आपल्या तालुक्यातली माणसं अजून कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. 'मागेल त्याला काम' हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं का, हा प्रश्न पिशवीवरच्या फोटोपेक्षा मोठा आहे.

दुसरीकडे हायवेच्या हॉटेलात हुलग्याचं माडगं आणि शेंगोळे 'अस्सल गावरान' म्हणून ताटात येतात. येऊ द्या, मीही खातो. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेही आपल्याच देशाच्या प्रस्तावावरून. पण जुनं जेवण म्हणजे नुसती चव नव्हे. हाताशी चांगलं काही नसताना, होतं त्यातून घर जेवू घालायची अक्कल म्हणजे जुनं जेवण. ती अक्कल आईच्या पिढीबरोबर चाललीय.

पुतण्याला उत्तर पाठवलं, "ही ज्वारीच. तुझ्या आजीने हिच्या भाकरी थापल्यात." त्याने विचारलं, कशा? मी फोन आईच्या कानाला लावला. ती त्याला अर्धा तास सांगत होती, आधण कसं ठेवायचं, पाणी किती ओतायचं, झाकायचं किती वेळ. त्याने सगळं लिहून घेतलं.

तुमच्याही घरात, गल्लीत मिलो थापलेली एखादी आजी असेल. तिला विचारा आणि खाली लिहा. गावाचं नाव मात्र टाका.