कोड, बावची आणि ऊन

अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातली २३ आणि २४ ही दोन छोटी सूक्ते ‘किलास’ घालवण्यासाठी आहेत. किलास म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. रात्री उगवलेल्या काळसर वनस्पतीला त्यांत साकडे घातले आहे, की तिचा रंग कातडीत उतरावा. तर्क भाबडा खरा, पण बिघाड रंगाचा आहे हे त्यात अचूक हेरलेले आहे. पुढच्या वैद्यकात याच रोगाला श्वित्र म्हटले गेले. मराठीत तो कोड.

किलास केवळ त्वचेत राहतो आणि त्यातून स्राव होत नाही, असे सांगून सुश्रुतसंहितेने तो कुष्ठापासून वेगळा काढला. लोकव्यवहारात हा फरक टिकला नाही. ‘पांढरे कुष्ठ’ हे नाव रूढ झाले आणि महारोगाची सगळी भीती कोडाच्या माथी आली. कोड संसर्गाने पसरत नाही, तरीही. चरकसंहितेने तर दोष रुग्णाच्याच पदरात टाकला: खोटे बोलणे, कृतघ्नपणा, देवनिंदा, गुरूचा अपमान, पूर्वकर्म आणि विरुद्ध अन्न ही तिने दिलेली कारणे. दूध आणि मासे एकत्र खाल्ले तर कोड फुटते, ही घरोघरची ताकीद विरुद्ध आहाराच्या त्याच कल्पनेतली आहे.

कारणांत एवढी चुकलेली चरकसंहिता उपचारात मात्र चकित करते. मलपूचा, म्हणजे काळ्या उंबराचा, रस गूळ घालून प्यावा, सोसेल तेवढे ऊन अंगावर घ्यावे आणि डागांवर उठलेले फोड काट्याने फोडावेत, असे ती सांगते. बावचीच्या काळ्या, चपट्या बियांच्या लेपाची करामतही तीच. लेप लावून उन्हात बसले की कातडी लाल होते आणि जरा अतिरेक झाला की भाजल्यासारखे फोड येतात. नुसते बी किंवा नुसते ऊन एवढे करत नाही.

उत्तर आफ्रिकेतही हीच जोडी सापडली होती. बर्बर लोकांतल्या एका टोळीकडचे अम्मी नावाच्या झाडाचे बी आणि त्यानंतरचे ऊन यांची नोंद तेराव्या शतकात इब्न अल-बैतारने केली आहे. १९३३ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीतून सोरालेन वेगळे केले. १९४७ च्या सुमारास इजिप्तमध्ये अम्मीतून त्याच कुळातले द्रव्य मिळाले आणि कैरोचे त्वचारोगतज्ज्ञ एल मोफ्ती यांनी ते कोडाच्या रुग्णांना देऊन पाहिले. अतिनील किरण पडताच सोरालेन पेशींतल्या डीएनएला जखडते आणि रंगपेशी वाढू लागतात. गोळी घेऊन ठरावीक वेळ उन्हात बसण्याची पद्धत भारतात ‘पुवासोल’ या नावाने चालली. १९९७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी सोरालेनशिवाय, अतिनील ब किरणांच्या अरुंद पट्ट्याने, तसाच गुण दाखवून दिला. आज दवाखान्यांत मुख्यतः तोच प्रकाश वापरतात.

मूळ कारण मात्र फार उशिरा उलगडले. शरीराच्याच रोगप्रतिकारक टी-पेशी रंगपेशींवर उलटतात आणि त्यांना मारतात. रुग्णाच्या वागण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. कोडासाठी २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले रक्सोलिटिनिबचे मलम टी-पेशींचा हा हल्लाच रोखते.

समाजातला कलंक औषधाने जात नाही. त्यासाठी पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी श्वेता असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ (२००६) हा चित्रपट कोड असलेल्या तरुणीच्या लग्नाभोवतीच फिरतो.

जुन्या वैद्यांचे एक निरीक्षण अजून मोडलेले नाही. डागावरचे केस पांढरे झालेले नसतील आणि डाग नवा असेल तर तो बरा होतो; तळहात, ओठ आणि गुह्यांगावरचा नवा असला तरी सोडून द्यावा, असे वाग्भट म्हणतो. रंगपेशींचा राखीव साठा केसांच्या मुळाशी असतो. म्हणून डाग भरताना आधी केसांभोवती तपकिरी ठिपके उमटतात आणि मग ते एकमेकांना मिळतात. तळहातावर आणि ओठांवर केस नाहीत. तिथला डाग आजही सर्वांत चिवट असतो.