बॅटरी कुठे ठेवलीय?

बडोदेकर मंडळी, हा प्रश्न आपल्या घरांत किमान तीन पिढ्या विचारला जातोय. टॉर्चला आपण ‘बॅटरी’ म्हणायचो आणि आतल्या बॅटरीला ‘सेल’! तिची ही थोडी हकिकत, आणि आज घरात कोणती असावी त्याबद्दल चार शब्द.

हातात धरायचा विजेचा दिवा अमेरिकेत १८९९च्या सुमारास आला. तेव्हाचे सेल इतके कमजोर, की दिवा क्षणभर लावून लगेच बंद करावा लागे. ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्यावरूनच पडलं. एव्हरेडीचे सेल १९०५पासून हिंदुस्थानात येऊ लागले. तरी रावपुरा, दांडिया बाजार, वाडी इथल्या साध्या घरांचा आधार पुढे कितीतरी वर्षं कंदील आणि चिमणीच होता. १९२७च्या जुलैतल्या महापुरात बडोद्यात पाणी शिरलं, तेव्हा असाच एक हात कंदिलात अडकवून लोकांनी सामान हलवलं असणार.

मग पितळी टॉर्च आली. एव्हरेडीची ‘जीवनसाथी’ अनेकांना आठवत असेल. सेल उतरले की उन्हात ठेवायचे, थोडा जीव यायचा. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत ब्लॅकआऊट असे. खिडक्यांना काळे कागद आणि बॅटरीच्या काचेवरही कागद, पायापुरता उजेड. आमच्या आजीचा नियम एकच: बॅटरी देवघराच्या कोनाड्यात, वापरली की परत तिथेच.

त्या टॉर्चची दुखणी दोन. बल्बची तार तुटायची, आणि विसरलेले सेल फुटून नळीत चिकटून बसायचे. एलईडीने पहिलं दुखणं संपवलं. दुसरं अजून आहे.

आता आपल्या विश्वामित्रीकडे या. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०२४मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली. पाणी शिरलं की सुरक्षिततेसाठी वीज बंद करतात, कधी दोन-दोन दिवस. मोबाइलचा टॉर्च लावून बसलात, तर नातेवाइकांना फोन करायला चार्ज उरत नाही. म्हणून वेगळी बॅटरी हवीच.

कोणती? खिशासाठी बोटभर लांबीची, एका पेन्सिल सेलवर चालणारी. तो सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. चार्जिंगची रोजच्या वापराला छान, पण वीजच नसेल तर ती किती पुरणार? दोन्ही प्रकारची एकेक ठेवा. खोक्यावरच्या मोठ्या ल्युमेनच्या आकड्याला भुलू नका. तो उजेड बहुधा काही मिनिटंच टिकतो, मग टॉर्च तापते आणि मंद होते. जिन्यात ५०-१०० ल्युमेन पुष्कळ झाले. मंद उजेडावर किती तास चालते ते विचारा. ‘आयपीएक्स४’ म्हणजे फक्त पाण्याचे शिंतोडे सोसणारी. ‘आयपीएक्स७’ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. आपल्या गावात दुसरीच घ्यावी.

आणि एक डोक्याला बांधायची हेडलॅम्प. पूर्वी खाणीतल्या कामगारांची, आता आपल्या कामाची. दोन्ही हात मोकळे राहतात. आजोबांना धरून वर नेता येतं, गॅसचा सिलिंडर उचलता येतो. शिवाय पुरात मगरी गल्लीत येतात हे तुम्हाला सांगायला नकोच! मगरीचे डोळे उजेडात लालसर चमकतात, आणि दिवा आपल्या डोळ्यांजवळ असला की ती चमक नीट दिसते. दिसली की पाण्यात उतरू नका, वनखात्याला कळवा.

राहिलं सेल फुटण्याचं दुखणं. दर संकष्टीला चंद्राची वाट बघता बघता बॅटरी उघडा, सेलवर पांढरी पूड दिसली तर बदला, एकदा लावून बघा आणि जागेवर ठेवा. कितीही महागाची घेतलीत तरी अंधारात हात जिथे आपोआप जातो, तिथे ती नसेल तर उपयोग शून्य. आजीचा नियम अजून लागू आहे.

तुमच्या घरी बॅटरीची जागा कोणती होती? जरूर लिहा.