फोन गावात चार वेळा आला

आमच्या गावात फोन एकदाच आला असं झालं नाही. तो चार वेळा आला आणि दर वेळी वेगळ्या वाटेनं आला. आता खिशात आहे तो काचेचा फोन म्हणजे चौथा. इतिहास म्हटलं की माणसं राजे आणि लढाया सांगतात. पण घरात निरोप कसा यायचा, कोण आणायचं, कोण वाचायचं, हाही इतिहासच की. आमच्या बार्शीकडच्या रानमाणसाला तर हा जास्त जवळचा.

फोन नव्हता तेव्हा कार्ड होतं, मनीऑर्डर होती आणि तार होती. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भावकीतली माणसं जगायला मुंबईला गेली. त्यांचं कार्ड यायचं, पण घरात वाचणारं कुणी नसायचं. पोस्टमन ओट्यावर बसायचा, पाणी प्यायचा आणि वाचून दाखवायचा. तो नसला तर शाळेचे गुरुजी. मी चौथी-पाचवीत गेलो तेव्हा हे काम माझ्याकडं आलं. मजकूर वाचायचा आणि उत्तरही लिहायचं. सासूबद्दलची तक्रार सासूसमोर वाचायची नाही एवढी अक्कल पोराला आपोआप यायची. तार मात्र वेगळी. तारवाला वेशीत दिसला की बायका आधी रडायला लागायच्या, मजकूर नंतर कळायचा. ती तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. तोवर आमच्याकडं तिची कुणाला आठवणही राहिली नव्हती.

पहिला फोन आला तो तारेचा. त्याआधी बोलायचं तर तालुक्याला जाऊन ट्रंककॉल लावायचा. त्यात साधा, अर्जंट आणि लायटनिंग असे प्रकार. लायटनिंगचा दर साध्याच्या आठपट, म्हणजे ते आपल्या कामाचं नव्हतंच. १९८४ साली सरकारनं सी-डॉट ही संस्था काढली. सॅम पित्रोदा हे नाव तेव्हा पेपरात सारखं यायचं. धुळीत आणि उकाड्यात, वातानुकूलित खोलीशिवाय चालेल असं १२८ लायनींचं छोटं एक्सचेंज त्यांनी खेड्यांसाठी बनवलं. पहिलं बसलं १९८६ साली कर्नाटकात, राणी चेन्नम्माच्या कित्तूरला. आमच्या भागात ते यायला पुढं बरीच वर्षं गेली. आलं तेव्हा फोन एका वाड्यात, ज्याच्याकडं पैसा त्याच्याकडं. निरोप आला की वाड्यातलं पोरगं पळत यायचं, "तुमचा फोन हाय, पुन्हा धा मिनिटांनी लावणारेत." मग अर्धी गल्ली मागं चालायची.

दुसऱ्यांदा फोन आला तो पिवळ्या पाटीचा, एस.टी.डी. बूथचा. स्टँडजवळ लाकडी खोकं, काचेचं दार आणि लाल आकड्यांचं मीटर. रात्री उशिरा दर कमी व्हायचा, म्हणून जेवणं उरकून रांग लागायची. आवाज बाहेर जायचाच. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या पोराला नोकरी लागली, गावाला तिथंच कळायचं. पण बूथमुळं एक झालं. फोनसाठी वाड्याची पायरी चढायची गरज राहिली नाही. पैसे दिले की बोलायचं, उपकार कुणाचे नाहीत.

तिसरा बटणांचा मोबाईल. देशात मोबाईलवरचं पहिलं बोलणं ३१ जुलै १९९५ ला झालं, कोलकात्याहून ज्योती बसू दिल्लीत सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. २००३ साली येणारा फोन फुकट झाला आणि खेड्याला मोबाईल खरा परवडला. मिस कॉल ही भाषा तेव्हाच जन्मली. एक मिस कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे डबा पाठव. त्या फोनला बॅटरी होती, तिचंच कौतुक जास्त. रात्रीच्या लाईटीवर दारं धरताना पायाखाली जनावर दिसायचं ते त्या उजेडात.

चौथा हा काचेचा. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि नेट स्वस्त झालं. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. त्याच वर्षी यूपीआयही सुरू झालं होतं. तरण्या पोरांच्या हातात हे सगळं लगेच रुळलं. माझ्याकडं हा फोन जरा उशिरा आला, थोरल्यानं पुण्याहून आणून दिला. काचेवर बोट टेकवायचं, दाबायचं नाही, हे बोटाला कळायला आठवडा लागला. चिखलाचं बोट तर त्याला मानवतच नाही. पण महिना-दोन महिन्यांत तो घरचा झाला. पहाटे ढग बघायच्या आधी हवामानाचा अंदाज बघतो. सोयाबीनचा लातूरचा भाव आडत्याला विचारावा लागत नाही. विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवलाय, त्यात सिमकार्ड आहे. घरून फोन लावला की लाईट आहे का नाही ते सांगतो आणि मोटार चालू करतो. थंडीतलं एक हेलपाटं वाचतं. बारं मोडायला मात्र माणूसच लागतो.

इथवर सगळं गोड आहे. आता जे सांगायचंय ते सातबाऱ्याचं.

सातबाऱ्यातला बारा नंबर म्हणजे पिकाची नोंद. ती पूर्वी तलाठी करायचे. खरं सांगायचं तर ती बऱ्याचदा चावडीत बसूनच व्हायची. रानात तूर उभी आणि कागदावर मागल्या वर्षीची ज्वारी, असं आम्ही कितीदा बघितलंय. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आता शेतकऱ्यानंच रानात उभं राहून फोनवर फोटो काढायचा आणि नोंद करायची. कल्पना चांगली. माझं पीक मीच सांगणार, यापेक्षा खरं काय असणार?

पण आमच्या धाकट्या चुलतीचं बघा. वय ऐंशीच्या घरात, दोन एकर रान, पोरगं नाही, फोन नाही. एका वर्षी तिनं तूर हमीभावाच्या केंद्रावर घालायची ठरवली. तिथं पीकपेरा लागलेला सातबारा मागतात. तिचा बारा नंबर कोरा. पोती रानातून निघालेली, सगळ्या गावानं बघितलेली, पण कागदाच्या हिशोबानं तिनं काही पेरलंच नव्हतं. शेवटी तूर व्यापाऱ्याला गेली, मिळेल त्या भावानं.

पुढच्या खरिपात मी म्हणालो, "काकी, चल रानात. तुझी नोंद माझ्या फोनवरनं करू." एका फोनवरून दुसऱ्या खातेदाराचीही नोंद करता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नाही. ती बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, "व्हय रं, तुझ्या त्या काचंत माझं रान मावंल का?" रेंज येईना, तर लिंबाच्या खालच्या उंचवट्यावर गेलो. तासाभरानं नोंद गेली. तिला अजून पटलेलं नाही.

पीकविम्याचंही तसंच. २०२४ च्या सप्टेंबरात सोयाबीनमध्ये पाणी साचलं. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचं असा तेव्हा नियम होता. पाऊस चालू, लाईट नाही, टॉवर बंद. ज्याच्या फोनला चार्जिंग होतं त्याची तक्रार गेली. पाणी सगळ्यांच्याच रानात होतं.

चार फोनांचा हा हिशोब मांडला की एक गोष्ट दिसते. तारेचा फोन वाड्यात होता तेव्हा फोन नसलेल्याचं नुकसान एवढंच, की निरोप उशिरा कळायचा. आताच्या फोनवर माणसाचं पीक आणि त्याची भरपाई उभी आहे. फोन नाही म्हणजे कागदावर तो शेतकरीच नाही.

म्हणून फोन टाकून द्या असं मी म्हणत नाही. माझाच एक दिवस त्याच्याविना निघत नाही. पण कार्डाच्या काळात वाचता न येणाऱ्याचं पत्र पडून राहायचं नाही. पोस्टमन, गुरुजी, चौथीतलं पोरगं, कुणीतरी वाचायचंच, आणि त्याचे पैसे कुणी मागायचं नाही. आज गावात पाचशे फोन असतील, पण दुसऱ्याची नोंद करून देणारी बोटं मोजकी आहेत. पीक पाहणी चालू असते त्या दिवसांत चावडीत आठवड्याचा एक दिवस याच कामाला ठेवला, कॉलेजची चार पोरं बसवली, रेंज कुठं येते ते ठरवून टाकलं, तर एकाही म्हातारीचा बारा नंबर कोरा राहणार नाही. यंदा आम्ही मारुतीच्या पारावर हे सुरू केलं. पहिल्या आठवड्यात अकरा खातेदार आले. त्यातल्या सात बायका होत्या.

चुलतीची नोंद सगळ्यात आधी केली. तुरीचा फोटो बघून ती म्हणाली, "जरा वाळल्यागत दिसतीय. पाऊस पडल्यावर परत काढ."