पहिला कागद कोण लिहितो?

खैरलांजीने आपल्या भंडारा जिल्ह्याला एक धडा दिला, तो आपण अर्धाच शिकलो. 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. पहिलं शवविच्छेदन इतकं निष्काळजी होतं की पुरलेले मृतदेह उकरून दुसऱ्यांदा तपासावे लागले. तोवर गेलेला पुरावा परत आला नाही. म्हणजे खटला न्यायालयात उभा राहण्याआधीच, पहिल्या दोन-तीन दिवसांतले कागद कोणी लिहिले यावर त्याचं निम्मं भवितव्य ठरलेलं होतं.

खैरलांजीत मारणारे गावकरी होते आणि कागद लिहिणारे सरकारी. कोठडीत माणूस मरतो तेव्हा संशयही सरकारी माणसावर आणि पहिला कागदही त्याच्याच हातात. म्हणून तिथे बाहेरचा डोळा लागतो.

बाबासाहेबांना हे नीट माहीत होतं. अटकेची कारणं सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करा, ही आजच्या कलम 22 ची तरतूद त्यांनी सप्टेंबर 1949 मध्ये संविधान सभेत आणली. जीविताच्या कलमातून ‘योग्य प्रक्रिया’ हे शब्द गळाले होते, त्याची भरपाई म्हणून. पोलिसांच्या हातातला माणूस पोलिसांखेरीज कोणाला तरी दिसलाच पाहिजे, हा त्यातला गाभा.

पुढे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने हा डोळा कोठडीच्या आत नेला. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा बंदिनींशी बोलून घेतलं. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये आदेश दिले : महिलांसाठी वेगळ्या कोठड्या, कायदेशीर मदत, आणि न्यायाधीशाने, शक्यतो महिला न्यायाधीशाने, न कळवता अचानक भेट देणं. लक्षात घ्या, या निकालाचं मूळ बंदिनींच्या तोंडच्या साक्षीत आहे.

तरीही बंदी बोलला की त्याचं काय होतं, ते भायखळ्यात दिसलं. मंजुळा शेट्ये ही शिक्षा भोगणारी बंदिनी, बराकीची वॉर्डन म्हणून नेमलेली. तुरुंगाच्या कारभारात बंद्यांचा सहभाग म्हणतात तो हाच. तिने सहभाग खरा मानला आणि दोन अंडी, पाच पाव कमी आल्याबद्दल विचारलं. 23 जून 2017 ला तिला मारहाण झाली आणि ती मेली. दुसऱ्या दिवशी बंदिनी छतावर चढल्या, तर दंगलीचा गुन्हा त्यांच्यावरच, दोनशेहून अधिक जणींवर! पण एका सहबंदिनीने फिर्याद दिली म्हणूनच हत्येचा गुन्हा नोंदला गेला आणि सहा कर्मचारी अटकेत गेले. हिशेब ठेवायला बंदी चालतो, हिशेब मागायला चालत नाही.

आणि परभणी. 10 डिसेंबर 2024 ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंद, मग धरपकड. वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी त्यात पकडला गेला आणि 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. (जेमतेम दोन महिने आधी, 3 ऑक्टोबरला, तुरुंगातली जातीवर आधारलेली कामवाटणी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती. सुकन्या शांता यांच्या याचिकेवर. जात तुरुंगाच्या दाराशी थांबत नाही.) प्राथमिक शवविच्छेदन अहवाल म्हणाला, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. मुख्यमंत्री विधानसभेत श्वसनाच्या आजाराबद्दल बोलले.

कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानेच करावी, असा कायदा 2006 पासून लागू आहे. परभणीतही ती झाली, अहवालाने पोलिसांना जबाबदार धरलं. पुढे काय? अहवाल आल्यावर गुन्हा कोणी, किती दिवसांत नोंदवायचा यावर कायदा गप्प आहे. ही फट बाळासाहेब आंबेडकरांनी औरंगाबाद खंडपीठात मांडली. आई विजयाबाईंच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवा, असा आदेश 4 जुलै 2025 ला मिळाला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 30 जुलैला हरलं. एका आईला एफआयआरसाठी साडेसात महिने! हे लढणारं कुटुंब होतं, पाठीशी चळवळ होती. ज्याच्या मागे कोणी नाही, त्याची फाईल अहवालावरच बंद होते.

मेल्यानंतरच्या चौकशीबरोबर मरण्याआधीची भेट हवी. 1894 च्या तुरुंग कायद्यातच अभ्यागत नेमण्याची सोय होती, आणि सप्टेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभ्यागत मंडळं स्थापन करा, त्यात समाजातले नामवंत, अशासकीय लोक घ्या, असं राज्यांना बजावलं. आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत, पण या खुर्च्यांवर कोण बसलंय हे आपल्यातल्या किती जणांनी विचारलं?

भंडाऱ्यात जिल्हा कारागृह आहे. माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये लागतात. तीन प्रश्न टाका : अभ्यागत मंडळावर अशासकीय सदस्य कोण आहेत, गेल्या तीन वर्षांत ते कोणत्या तारखांना आत गेले, आणि भेटीच्या नोंदवहीत त्यांनी काय लिहिलं. नोंदवहीच्या पानांच्या प्रतीही मागा.